काचेआडचा दिवा

आत्याबाई,

काल तुमचं तेरावं झालं. माणसं खूप आली. अल्लीपूरहून तुमच्या माहेरची सगळी आली, आपल्या नालवाडीतली एकही गल्ली राहिली नसेल. जो तो मला बाजूला घेऊन एकच सांगून जात होता, की सासू होती पण मोठी मायाळू होती. मी मान हलवत राहिले. खरं सांगू? तुम्ही मायाळू नव्हता. लोक ज्याला मायाळू म्हणतात, तशा तर मुळीच नव्हता. आठ वर्षांत तुम्ही माझ्या डोक्यावरून एकदाही हात फिरवला नाही. माझ्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस मात्र दिलात.

आणि जमलेल्यांपैकी एकाच्याही तोंडून हे आलं नाही, की मासोळ्यांच्या टाकीवर मेटल हॅलाइडचा दिवा नीट बसवणारी बाई गेली. त्यांना ठाऊकच नसेल. म्हणून ते मी म्हणते.

मला बघायला तुम्ही नागपूरला आलात तो दिवस आठवतो. पोह्यांच्या बशा फिरल्या, माझ्या वडिलांनी माझं बीएस्सीचं सर्टिफिकेट पुढे ठेवलं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून घडी पडलेला एक पातळ कागद काढलात आणि माझ्यापुढे धरलात. ट्यूबलाइटच्या चोकसोबत डब्यात येतो तो.

"हे वाचून मराठीत सांगता येते का तुले?"

मी वाचलं, सांगितलं. तुम्ही आपल्या मुलाकडे वळून म्हणालात, "चालते." माझ्या आईला ते फार लागलं. मला मात्र हसू आलं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

माझे सासरे, मामाजी, गेले ते आणीबाणी उठली त्या वर्षी, माझ्या लग्नाच्या आधी. वर्ध्याच्या बाजारातलं ते विजेच्या सामानाचं दुकान बंद करून गावाकडे जा, शेती आहेच, असं सगळ्यांनी सांगितलं असताना तुम्ही चौथी शिकलेल्या बाई गल्ल्यावर जाऊन बसलात. हे, म्हणजे तुमचे सुधाकर, तेव्हा नुकते आयटीआयमधून बाहेर पडले होते. ते बाहेरची कामं करायचे आणि तुम्ही दुकान सांभाळायच्या. मासोळ्या तुम्हीच आणल्यात. कुणाच्या तरी दवाखान्यात काचेची टाकी पाहिली आणि तुमच्या लक्षात आलं, की टाकीपुढे माणूस थांबतो आणि थांबलेला माणूस बल्ब तरी घेऊन जातो. लोखंडी अँगलची चौकट, चार काचा आणि पुट्टी. पहिल्या दोन टाक्या गळल्या. तिसरी मी लग्न होऊन आले तेव्हाही दुकानाच्या दर्शनी भागात उभी होती. पुढे लोक विजेच्या सामानापेक्षा टाक्यांसाठीच आपल्याला ओळखायला लागले.

मग हिंगणघाटच्या जिनिंगवाल्या शेठची ऑर्डर आली. त्यांना ऑफिसात अडीच फूट खोल टाकी हवी होती आणि तिच्यात खरी झाडं. प्लास्टिकची नकोत. आपण दुकानात तशी टाकी करून पाहिली. धाम नदीतलं पाणगवत आणून लावलं. ट्यूबलाइटचा उजेड तळापर्यंत पोचतच नव्हता. वरची पानं हिरवी, खाली सगळं कुजत चाललेलं. तुम्ही रोज सकाळी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून कुजलेली पानं काढायच्या आणि म्हणायच्या, "याहीले ऊन पायजे."

ते ऊन ह्यांनी मुंबईहून आणलं. करंगळीपेक्षा थोडी जाड काचेची नळी, दोन्ही टोकांना पकड, मधोमध काचेचा एक इवलासा फुगा. दीडशे वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे. तुम्ही त्याला शेवटपर्यंत "बंबईवाला" म्हणालात.

पहिला बंबईवाला आपण दोन दिवसांत मारला. ह्यांनी रस्त्यावरच्या मर्क्युरी दिव्याचा चोक जोडला. वॅट जवळपास तेवढेच आहेत, चालून जाईल, म्हणाले. दिवा पेटला, थरथरला, आणि दुसऱ्या दिवशी नळी काळी पडून बसला. डब्यातला कागद काढून माझ्यापुढे ठेवलात. "वाच."

तो कागद तुम्ही माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. प्रत्येक दिव्याला त्याच्याच जातीचा आणि त्याच्याच वॅटचा चोक लागतो. पेटवायला इग्निटर वेगळा, आणि तोही दिव्यापासून फार लांब ठेवायचा नाही. दिवा आडवा, अगदी सपाट बसला पाहिजे. नळीला उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा भाजते आणि काच फुटते. शिवलंच तर स्पिरिटने पुसायचं. हे ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हंजे सोवळ्यातला हाय." आणि त्या दिवसापासून मामाजींच्या जुन्या धोतराचे धुतलेले तुकडे एका डब्यात वेगळे राहू लागले. त्या डब्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही.

कागदावर आणखी एक वाक्य होतं. दिव्यापुढे संरक्षक काच लावल्याशिवाय दिवा चालवू नये. ठळक अक्षरात होतं. मी ते वाचलं आणि मराठीत म्हटलं, "पुढे काच असावी." कंटाळा आला होता मला तिसऱ्यांदा वाचताना. 'असावी' आणि 'असल्याशिवाय नको' यात किती अंतर आहे, ते मला काही आठवड्यांनी कळलं.

नवा चोक आला, दुसरा दिवा बसला. टाकीवर टांगलेल्या पत्र्याच्या टोपात आडवा, खाली काच. पेटला तेव्हा आधी निळसर, मिणमिणता. मग तीन-चार मिनिटांत हळूहळू असा चढला, की टाकीच्या तळातल्या रेतीचा कण न् कण दिसायला लागला. बाजूचे दुकानदार जमले. तुम्ही हाताची घडी घालून उभ्या होतात. मी तुम्हाला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी तुम्ही हसला नाहीत.

पाण्याचे शिंतोडे उडून त्या काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसायचे. एका सकाळी मी काच काढून धुतली आणि मागच्या अंगणात वाळत ठेवली. तेवढ्यात तुमची हाक आली, "शालू, दिवा लाव वं, झाडं लावाची हायेत." मी बटण दाबलं. काच काय, दहा मिनिटांत वाळेल, मग बसवू. मग गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं, आणि मी विसरले. तुम्ही तासभर त्या उघड्या दिव्याखाली वाकून एकेक मुळी रेतीत खोचत होतात.

दुपारी तुमचा चेहरा आणि हात लाल झाले होते. तुम्ही म्हणालात, ऊन लागलं असंल. संध्याकाळी तुमच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. मग धारा लागल्या, मग डोळे उघडेचनात. मी पाण्याचे हबके मारत होते आणि तुम्ही दातावर दात धरून बसला होतात. शेवटी बाजूचे वेल्डिंगवाले चाचा आले. त्यांनी एकदाच पाहिलं.

"भाभी, ये तो आर्क लगा है. वेल्डिंग का देखा क्या किसी का?"

तेव्हा मला कळलं. उघड्या दिव्याने वेल्डिंगच्या झोतासारखे तुमचे डोळे भाजले होते, आणि ती काच त्यासाठीच होती. मी अंगणात गेले. काच तशीच भिंतीला टेकून उभी होती, कोरडी ठणठणीत. मी ती आणून टोपाला लावली. घाईत चारातला एक स्क्रू खाली पडला आणि सापडलाच नाही.

डॉक्टरांनी थेंब दिले, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. दोन-तीन दिवसांत बरं वाटेल, नजरेला धोका नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे बाहेरगावच्या कामावरून परतले, आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, "काच कोणी काढली होती?"

मी दारात उभी होते. तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही.

"म्या काढली," तुम्ही पट्टीखालून म्हणालात. "धुवाले."

"आई, तू?"

"मंग? माह्या हातानं निघत नाई का चार स्क्रू?"

हे खूप चिडले. हा दिवा परत मुंबईला जाईल, शेठला प्लास्टिकची झाडं द्या, नाहीतर नाही म्हणून सांगा, आपला धंदा ट्यूबलाइटचाच बरा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "शनिवारी हिंगणघाटले जाऊ. टाकी तयार हाय, दिवा तयार हाय. आन बसवनार शालू."

मी त्या तीन दिवसांत नीट जेवले नाही. तुम्हाला भरवताना तुमच्या पट्ट्यांकडे पाहायचे आणि सांगायचं ठरवायचे. आत्याबाई, काच मी काढली, हे चारच शब्द. प्रत्येक वेळी तुम्ही काहीतरी विचारायच्या. चोक कुठं ठेवाचा? अर्थिंग टोपाले जोडाची का चौकटीले? मी उत्तर द्यायचे, तुम्ही पुढचं विचारायच्या. घासामागून घास, प्रश्नामागून प्रश्न. मला तेव्हा वाटलं, तुम्हाला वेळ घालवायचाय.

शनिवारी एसटीने निघालो. तुमच्या डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर धोतराच्या तुकड्यांचा डबा. टाकी ह्यांनी आदल्या दिवशीच टेम्पोने पोचवून, पाणी भरून ठेवली होती. ते स्वतः त्या दिवशी आले नाहीत. रागावलेले होते, असं मी समजले.

शेठ गादीवर बसले होते. त्यांनी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं.

"सुधाकर नाई आला? मग दिवा कोन लावनार?"

"ही माही सून लावते."

"बाईमानूस?"

तुम्ही चष्मा न काढता त्यांच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलंत. "शेठजी, दिवा बाईच लावते. तुमच्या घरी कोन लावते?"

शेठचे मुनीम हसले. शेठही हसले, आणि खुर्ची मागवली. तुम्ही खुर्चीत बसलात आणि माझ्याकडे पाठ केलीत. माझ्याकडे पाहायचं नाही, असं ठरवूनच आला होतात.

"मेन बंद केला का?"

"केला."

"पुन्हा पाह्य."

मी पुन्हा पाहिला. टोप छताच्या हुकाला साखळीने टांगला, पाण्यापासून दीड हात वर. अर्थिंगची तार टोपाला जोडली आणि ओढून पाहिली. चोक आणि इग्निटरची पेटी टाकीच्या मागे, शिंतोडा पोचणार नाही अशी भिंतीवर ठोकली. चोकवरचे आकडे मोठ्याने वाचले, दिव्यावरचे वाचले, दोन्ही जुळले. मग डबा उघडला. स्पिरिटचा वास आला. दिवा कापडात धरला, एक टोक पकडीत बसवलं, हलकेच दाबून दुसरं. सपाट आहे का ते पाहायला मागे सरले.

"काच," तुम्ही म्हणालात.

एवढाच शब्द. आवाजात काही नव्हतं, ना टोमणा ना आठवण. मी काच बसवली. चारही स्क्रू आवळले. या वेळी एकही खाली पडला नाही.

दिवा पेटला. निळसर, मग पांढरा. शेठ गादीवरून उठून टाकीपाशी आले. पाणगवताच्या पात्यांतून उजेड खाली उतरत होता आणि मासोळ्यांच्या सावल्या रेतीवर फिरत होत्या. आणि तेवढ्यात लाइन गेली. पाचच मिनिटांत परत आली. पंखा फिरला, बाहेरचे बल्ब लागले, आपला दिवा नाही.

"गेला," शेठ म्हणाले. "झाला सत्यानाश." आणि बटण खालीवर करायला लागले.

"बटनाले हात लावू नोका," तुम्ही म्हणालात. "तो तापला हाय. मानूस धावून आला तर त्याले लगेच पानी देत नाई आपन. चहा सांगा."

चहा आला. तुम्ही त्यांना त्यांच्या जिनिंगबद्दल, कापसाच्या जातींबद्दल विचारत राहिलात. मी घड्याळाकडे पाहत होते. कागदावर दहा ते पंधरा मिनिटं लिहिलं होतं, पण ते मीच वाचलं होतं, आणि माझ्या वाचण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. तेराव्या मिनिटाला मी बटण दाबलं. दिवा लागला.

परतीच्या बसमध्ये मी धीर केला. "आत्याबाई, त्या दिवशी ती काच..."

"पुढच्या खेपेले जाड घेजो," तुम्ही म्हणालात. "पातळ काच तडकते." आणि खिडकीला डोकं टेकून झोपलात. की झोपल्याचं सोंग केलंत?

त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर आपण दोघींनी अकरा दिवे बसवले. प्रत्येक वेळी शेवटचा हात तुमचा, आणि प्रत्येक वेळी आपलं एकच भांडण. दिवा कधी बदलायचा? मी म्हणायचे, वर्षभराने तो पेटतो पण त्याचा रंग उतरतो, झाडं उपाशी राहतात, बदलायलाच हवा. तुम्ही म्हणायच्या, "जळते ना? जळता दिवा कोनी फेकते का?" दवाखान्यात, तुम्ही जायच्या दोन दिवस आधीसुद्धा हेच. नाकात नळी, आणि म्हणता काय, "मले दाखव. एका टाकीले जुना लाव, एकीले नवा. मंग बोल." मी लावलेत, आत्याबाई. दुकानात दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. जुन्या दिव्याखालची पानं आत्ताच लांबुळकी आणि फिकी व्हायला लागलीत. तुम्ही असता तर म्हणाला असता, पानी बराबर नसंल. पाणी बरोबर आहे. हे भांडण मी जिंकलंय, आणि जिंकल्याचा काही आनंद नाही.

आज सकाळी चहा पिताना ह्यांना मी ते सांगितलं, जे तुम्हाला सांगायचं राहिलं. काच मी काढली होती, आईंनी स्वतःवर घेतलं. हे कपाकडे पाहत म्हणाले, "मला माहीत आहे."

तुम्हीच सांगितलं होतंत म्हणे, त्याच संध्याकाळी, मी अंगणात भांडी घासत होते तेव्हा. "काच तिनं काढली. दिवा लागल्यावर माह्या ध्यानात आलं नाई, पन डोये दुखले तवा आलं. तू तिले इचारू नोको. इचारलं तर ती पुन्हा दिव्याले हात नाई लावनार. शनिवारी तू येऊ बी नोको."

म्हणजे तीन वर्षं तुम्हा दोघांनाही माहीत होतं. एकाच ताटात जेवलो आपण, एकाच काउंटरला उभे राहिलो, आणि तुम्ही माय-लेकांनी मला कळू दिलं नाहीत. मला आधी राग आला. मी ह्यांना म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? मी तीन वर्षं मनात कुढत होते. हे म्हणाले, "आई म्हणायची, कुढते पण काम किती जपून करते पाहा." मग मी हसले, आणि हसता हसताच रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते इतकी.

तुमच्यावर माझा अजूनही थोडा राग आहे. एकदा तरी मला ते चार शब्द बोलू द्यायचे होते. तुम्ही माफ केलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माफ करण्यात तुम्हाला रस नव्हता. तुम्हाला दिवे बसवणारं माणूस हवं होतं, आणि मी मोडू नये म्हणून तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतलीत आणि पोटच्या मुलालाही तीन वर्षं गप्प बसवलंत. मला नाही वाटत, माझ्या आईनेही हे केलं असतं.

दुपारी पिपरी मेघेला गेले होते. तिथल्या एका डॉक्टरांच्या घरी नवी टाकी, ऑर्डर तुम्ही आजारी पडायच्या आधीची. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला कशी गेली, म्हणून कुणी नावं ठेवतील. ठेवू देत. मी एकटीने टोप टांगला, अर्थिंग केली, आकडे मोठ्याने वाचले. खोलीत ऐकायला फक्त डॉक्टरीणबाई होत्या. काच बसवून स्क्रू आवळताना त्यांनी सहज विचारलं, "ही काच लागतेच का हो? मध्येच काढून पुसली तर?"

"दिवा बंद करून, थंड झाल्यावर काढा. लावल्याशिवाय पेटवू नका," मी म्हटलं. आणि मग, कुणी विचारलं नसताना, सांगितलं. "मी एकदा काच न लावता पेटवला होता. माझ्या चुकीने माझ्या सासूबाईंचे डोळे तीन दिवस बांधून ठेवावे लागले."

पहिल्यांदाच मोठ्याने बोलले मी ते. आवाज नीट फुटला.

डॉक्टरीणबाईंचा हात तोंडावर गेला. "अगंबाई. मग काय म्हणाल्या त्या तुम्हाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुढचा दिवा मलाच बसवायला लावला."